हाफ-टन, थ्री-क्वार्टर, वन-टन: अमेरिकेत पिकअप घेताना 'पासिंग' कसं ओळखायचं

तीन वर्षांपूर्वी अण्णा ह्यूस्टनला आले होते, तेव्हा त्यांना मुद्दाम ट्रकच्या शोरूमवर घेऊन गेलो. अण्णांनी पंचवीस वर्षं जयसिंगपूर-पुणे लाइनला टाटा ४०७ टेम्पो चालवली. त्यांनी उभ्या गाडीला एक चक्कर मारली, मागच्या टायरवर हात आपटला, वाकून पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मोजले आणि विचारलं, "पासिंग किती हिचं?"

पासिंग म्हणजे गाडी किती माल घेऊ शकते तो आकडा. मी विक्रेत्याला इंग्रजीत विचारलं. तो छाती फुगवून म्हणाला, "वन-टन!"

अण्णा मला म्हणाले, "एवढं धूड, आणि एकच टन? आपली बोलेरो सतराशे किलो घेती की."

त्या ट्रकच्या दरवाजातला आकडा नंतर मी बघितला, तर तो पावणेदोन टनांचा निघाला. विक्रेता खोटं बोलला नव्हता आणि अण्णांचंही चुकलं नव्हतं. आपल्याकडे बोलेरो पिकअपच्या नावात १.७ असेल तर ती सतराशे किलो माल घेते. इथे नावातला 'टन' हा जुन्या वाड्याच्या नावासारखा आहे. वाडा पडला, तिथे अपार्टमेंट उभी राहिली, पण पत्ता अजून 'वाड्याजवळ'.

इथे आल्यावर कॅम्पिंगचा ट्रेलर, बोट, नाहीतर बागकामाचा किंवा खाद्यपदार्थांचा छोटा धंदा काढायचा म्हणून पिकअप शोधणारी आपली मंडळी मला विचारतात, "एफ-१५० घेऊ की २५०?" पुढच्या पायऱ्या त्यांच्यासाठी. पहिला ट्रक मी यातली एकही पायरी न चढता घेतला होता.

पायरी १: नावातला टन विसरा

जुन्या काळी हाफ-टन म्हणजे हौद्यात १,००० पौंड माल, थ्री-क्वार्टर टन म्हणजे १,५०० आणि वन-टन म्हणजे २,००० पौंड असा सरळ हिशोब होता. (अमेरिकी टन २,००० पौंडांचा, म्हणजे साधारण ९०७ किलो. आपला हजार किलोंचा टन डोक्यात धरलात तर सुरुवातीलाच गफलत.) पुढे गाड्या दणकट होत गेल्या आणि नावं तिथेच राहिली. आज 'हाफ-टन' म्हणवणारी बरीचशी गाडी तेराशे ते दोन हजार पौंड सहज घेते.

सध्याची बोलीभाषा अशी: फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा हे हाफ-टन. एफ-२५० आणि बाकीच्यांचे २५०० हे थ्री-क्वार्टर. एफ-३५० आणि ३५०० हे वन-टन. शेवटच्या दोन गटांना मिळून 'हेवी-ड्यूटी' म्हणतात. टोयोटा त्या गटात उतरलेलीच नाही, त्यामुळे "मला टोयोटाच हवी" हा हट्ट असेल तर तुमचा शोध हाफ-टनवरच संपतो.

पायरी २: खरा वर्ग कशावरून ठरतो

सरकारी वर्ग ठरतो जीव्हीडब्ल्यूआर (ग्रॉस व्हेइकल वेट रेटिंग) या एका आकड्यावरून. रिकामी गाडी, भरलेली टाकी, माणसं, हौद्यातला माल आणि ट्रेलर जोडला असेल तर त्याचा हिचवर, म्हणजे गाडीच्या जोडावर, पडणारा भार, हे सगळं धरून गाडीचं वजन जास्तीत जास्त किती असावं, तो हा आकडा. आपल्या आरसी बुकातल्या भरलेल्या वजनाचा हा चुलतभाऊ. फरक एवढाच की इथे तो गाडी बनवणारी कंपनीच ठरवते.

वर्ग १ हा ६,००० पौंडांपर्यंत. वर्ग २ हा ६,००१ ते १०,०००, पण त्याचे दोन तुकडे पडतात: ८,५०० पर्यंत '२ए' आणि ८,५०१ पासून '२बी'. वर्ग ३ हा १०,००१ ते १४,०००. त्यापुढे वर्ग ८ पर्यंत मोठे ट्रक, त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

ढोबळमानाने हाफ-टन २ए मध्ये, थ्री-क्वार्टर २बी मध्ये आणि वन-टन वर्ग ३ मध्ये बसतात. पण या 'ढोबळमानाने'मध्येच माणूस फसतो. काही नवीन २५०० गाड्यांचा आकडा १०,००० च्या वर गेला आहे, म्हणजे नाव थ्री-क्वार्टर आणि वर्ग ३. उलट, एफ-४५० या नावाने जी तयार पिकअप मिळते तिचा आकडा १४,००० चा, म्हणजे नाव मोठं असूनही वर्ग एफ-३५० ड्युअलीचाच (मागे जोडचाकं असलेली, तिच्याबद्दल पायरी ६ मध्ये).

या सीमारेषा कागदोपत्री वाटतात, पण बाजारातल्या गाड्या त्यांच्याभोवतीच घडल्या आहेत. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत हलक्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोलचं बंधन आलं आणि पिकअपसाठी रेषा होती ६,००० पौंडांची. फोर्डने त्याच वर्षी एफ-१०० च्या शेजारी एक जराशी जड गाडी उभी केली, जीव्हीडब्ल्यूआर ६,००० च्या किंचित वर. तीच एफ-१५०. नियमाला वळसा घालायला जन्मलेली गाडी पुढे सगळ्यात जास्त खपणारी पिकअप झाली. आपल्याकडे चार मीटरच्या आत गाडी बसवायला डिकी कापणारे आणि इथले हे, जात एकच.

८,५०० ची रेषा तर शोरूममध्ये डोळ्यांनी दिसते. हाफ-टनच्या काचेवरच्या किंमतपत्रकात मायलेज छापलेलं असतं. शेजारच्या २५०० च्या पत्रकात ते नसतं, कारण त्या वजनाच्या पिकअपला मायलेज जाहीर करण्याची सक्ती नाही. विक्रेत्याने "चांगलं देते हो" म्हटलं की काय समजायचं ते समजा.

अण्णांसाठी मी एक गणित केलं होतं. वर्ग ३ ची कमाल मर्यादा १४,००० पौंड, म्हणजे ६,३५० किलो. भारतात ७,५०० किलोंपर्यंतची गाडी कायद्याने 'हलकं मोटार वाहन' असते. म्हणजे इथली सगळ्यात दांडगी हेवी-ड्यूटी पिकअपही आपल्या आरटीओच्या लेखी एलएमव्हीच. अण्णा दोन दिवस हसत होते.

पायरी ३: चालकाचा दरवाजा उघडा आणि वाचा

दरवाजा उघडल्यावर खांबावर दोन स्टिकर दिसतात. पांढऱ्यावर जीव्हीडब्ल्यूआर आणि त्याच्याखाली पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा. दुसऱ्यावर पिवळी पट्टी, टायरच्या हवेचं कोष्टक आणि एक इंग्रजी वाक्य: माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. माझ्या पहिल्या हाफ-टनवर लिहिलं होतं ६७१ किलो, १,४८० पौंड. हे गाडीचं पेलोड, म्हणजे अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर.

हा आकडा त्या नावाच्या सगळ्या गाड्यांना सारखा नसतो. तो त्याच एका गाडीचा. सनरूफ, चामड्याच्या सीटा, फोर-व्हील-ड्राइव्ह, मोठी कॅबिन असं जे जे वाढतं ते गाडीचं स्वतःचं वजन वाढवतं आणि पेलोडमधून कापलं जातं. एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन एफ-१५० मध्ये चार-पाचशे पौंडांचा फरक मी स्वतः वाचलेला आहे. जाहिरातीतला 'कमाल पेलोड' हा साध्यातल्या साध्या, दोन दरवाजांच्या गाडीचा असतो, आणि तशी गाडी शोरूमवर सहसा उभीच नसते.

भरलेल्या टाकीचं वजन कंपनीने आधीच धरलेलं असतं, पण चालकाचं नाही. तुम्ही ८५ किलोंचे असाल तर बसल्याबसल्या १८७ पौंड गेले. शोरूमने नंतर बसवलेलं हौद्याचं झाकण, पायऱ्या, टूलबॉक्स हेही तुम्हीच वजा करायचं.

१०,००० पौंडांच्या वरच्या गाडीला पिवळ्या स्टिकरची सक्ती नाही. ते नसेल तर पांढऱ्या स्टिकरवरच्या जीव्हीडब्ल्यूआरमधून गाडीचं खरं, काट्यावर केलेलं वजन वजा करा.

पायरी ४: आधी आपलं ओझं मोजा

बहुतेक जण इथे ट्रेलर ओढण्याची क्षमता बघतात. पत्रकात '११,००० पौंड' दिसतं, आपला ट्रेलर ७,५०० चा, म्हणजे झालं! मीही हेच केलं. पण ओढण्याची क्षमता संपायच्या खूप आधी पेलोड संपतं, कारण ट्रेलरचा काही भार गाडीच्या पाठीवर येतो.

बैलगाडी भरणारा माणूस हे न शिकवता जाणतो. माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे फार झाला तर धुरजड, बैलाच्या मानेवर बसते. ट्रेलरचंही तसंच. तो किंचित धुरजडच हवा. उलाळ ट्रेलर महामार्गावर शेपटीसारखा डोलायला लागतो आणि मग तो आवरत नाही. मागच्या बंपरखालच्या हिचला जोडायच्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हिचवर यावा लागतो. फिफ्थ-व्हील, म्हणजे हौद्यात मधोमध ठोकलेल्या जोडावर बसणारा मोठा ट्रेलर, १५ ते २५ टक्के भार टाकतो.

माझ्या ७,५०० पौंडांच्या ट्रेलरचा हिशोब असा होता: १३ टक्के धरून हिचवर ९७५. भार वाटून देणारं हिच स्वतःच ९० चं. आम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून ४९०. हौद्यात जनरेटर, सायकली, बर्फाची पेटी, सरपण असं २५०. एकूण १,८०५. आणि स्टिकर म्हणतंय १,४८०.

पहिल्या सहलीला ऑस्टिनच्या पलीकडच्या टेकड्यांत निघालो, तर गाडी मागून बसली आणि नाक वर. रात्री समोरून येणारा प्रत्येक जण मला दिवे मारत होता, कारण माझे दिवे रस्त्याऐवजी त्यांच्या डोळ्यांत जात होते. बायको म्हणाली, "आपण विमानात बसलोय का?" स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं झालं होतं, आणि ते मला आधी छानच वाटलं! पुढची चाकं रस्ता सोडायला आली की स्टिअरिंग असं हलकं लागतं, हे नंतर कळलं.

तेव्हा कागद घ्या आणि ट्रेलरचं रिकामं वजन नाही, तर त्याच्या स्टिकरवरचा जीव्हीडब्ल्यूआर धरून गणित करा. रिकामा ट्रेलर कोणी ओढत नाही. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की ३३३ पौंड तिथेच वाढतात. बेरीज आली की ती पेलोडच्या ८०-८५ टक्क्यांत बसते का बघा. हा नियम माझा, कायद्याचा नाही.

पायरी ५: गाडीखाली वाका

आकडे जुळले की लोखंड बघा. मागच्या चाकाचे नट मोजा. आजच्या हाफ-टनला सहसा सहा, हेवी-ड्यूटीला आठ. हेवी-ड्यूटीच्या मागच्या चाकाच्या मध्यातून ॲक्सलचं टोपण बाहेर आलेलं दिसतं, तो 'फुल-फ्लोटिंग' ॲक्सल. त्यात गाडीचा भार हाउसिंगवर, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या कवचावर, असतो आणि आतला दांडा फक्त चाक फिरवतो. हाफ-टनमध्ये एकच दांडा फिरवतोही आणि भारही पेलतो. ४०७ चा दांडा अण्णांनी रस्त्याकडेला चाक न काढता ओढून काढलेला मी लहानपणी पाहिला आहे. हाफ-टनचा दांडा तुटला तर चाकच निसटायची भीती.

टायरवर 'लोड रेंज ई' लिहिलेलं असेल तर ते जड कामाचे. त्यात हवा जास्त लागते आणि रिकाम्या गाडीत खड्डे चांगलेच जाणवतात. मागे बहुतेकांना पाटे असतात. रॅम २५०० ला मात्र २०१४ पासून मागे कॉइल स्प्रिंग आहेत, त्यामुळे ती रिकामी असताना जरा मऊ चालते. रॅम ३५०० ला पाटेच.

आणि थ्री-क्वार्टर नि एकेरी चाकांची वन-टन शेजारी लावून बघाच. चासी, इंजिन, ब्रेक बहुतांशी तेच. फरक मुख्यतः मागच्या स्प्रिंगांचा आणि दरवाजातल्या आकड्याचा. किमतीतला फरकही त्या मानाने थोडा. म्हणून कोणी "२५०० घेऊ का?" विचारलं की मी आधी ३५०० ची किंमत काढायला सांगतो.

पायरी ६: डिझेल आणि ड्युअली

आपल्या लोकांना डिझेलचं प्रेम, त्यातही पुणेकरांना. रॅमच्या डिझेलवर 'कमिन्स' लिहिलेलं दिसलं की कोथरूडचा कारखाना आणि कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवून माणूस हळवा होतो. इंजिन उत्तमच आहे. डॉजच्या पिकअपमध्ये ते १९८९ पासून बसतंय आणि २०१९ मध्ये त्याने १,००० पौंड-फूट टॉर्क गाठला. फोर्डचं पॉवर स्ट्रोक आणि जनरल मोटर्सचं ड्युरामॅक्सही त्याच तोडीची.

पण डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा काहीशे पौंडांनी जड असतं, आणि ते वजन येतं पेलोडमधून. १०,००० जीव्हीडब्ल्यूआरची २५०० घ्या. डिझेल, चार दरवाजे, फोर-व्हील-ड्राइव्ह आणि थोडी चैन मिळून रिकामी गाडीच ७,९०० ची झाली तर उरले २,१००. चांगल्या निवडीची हाफ-टनही जवळपास तितकं घेते! ओढायला हत्ती, पाठीवर घ्यायला तट्टू. १२,००० पौंडांच्या फिफ्थ-व्हीलचा २० टक्के भार म्हणजे २,४०० पौंड, तो असल्या २५०० ला झेपत नाही. त्याला ३५००च लागते. तेच २५०० पेट्रोलमध्ये घेतली तर पेलोड बरंच वर जातं, आणि माझ्यासारख्या ७,५०० च्या ट्रेलरवाल्याला तेच बरोबर पडतं.

डिझेल घ्यावं ते वर्षभर जड ओढणाऱ्याने आणि घाटात उतरणाऱ्याने. त्याचा एक्झॉस्ट ब्रेक उतारावर सोन्यासारखा. रोज मुलांना शाळेत सोडून दोन मैलांवर ऑफिसला जाणाऱ्याने घेऊ नये. धुराड्यातली गाळणी लांब पल्ला मिळाल्याशिवाय साफ होत नाही आणि ती तुंबली की खर्च मोठा.

ड्युअली म्हणजे मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं. पेलोड ५,००० पौंडांच्या पुढे जाऊ शकतं, बाजूचा वारा लागला तरी गाडी ढळत नाही आणि एक टायर फुटला तरी दुसरा सावरतो. पण मागून ती आठ फूट रुंद असते. ड्राइव्ह-थ्रू, कार वॉश, इंडियन स्टोअरची पार्किंग, सगळीकडे परीक्षा. मोठं फिफ्थ-व्हील नसेल तर हा विषय मी दोन मिनिटांत बंद करतो.

पायरी ७: लायसन्स आणि धंद्याचे नियम

घरच्या वापरासाठी कुठलीही पिकअप साध्या लायसन्सवर चालते. गाडी आणि ट्रेलरच्या मर्यादांची बेरीज २६,००० च्या वर गेली आणि ट्रेलर १०,००० च्या वरचा असला की बघावं लागतं. धंद्यासाठी असेल तर व्यावसायिक 'क्लास ए' लायसन्स. स्वतःच्या सहलीसाठी त्यातून सूट आहे, पण टेक्सासमध्ये तरीही अव्यावसायिक क्लास ए लागतं. राज्यागणिक हे बदलतं.

धंदेवाल्यांनी १०,००० चा आकडा लक्षात ठेवावा. धंद्याची गाडी, किंवा गाडी आणि ट्रेलर मिळून, १०,००१ पौंड आणि राज्याची हद्द ओलांडली की केंद्रीय वाहतूक खात्याचा डीओटी नंबर लागतो. एफ-२५० बरोबर १०,००० वर 'उतरवून' देण्याचा पर्याय फोर्ड देते तो याचसाठी. लोखंड तेच, स्टिकर खालचा. मात्र मागे ट्रेलर लावला की बेरीज वर जाते आणि ती युक्ती संपते.

पायरी ८: काट्यावर न्या

गाडी घेतल्यावर पहिल्या सहलीला, सगळं भरून, मुलांसकट, महामार्गावरच्या ट्रक-स्टॉपवर वजनकाट्यावर जा. तिथे मोठ्या ट्रकांच्या रांगेत आपली पिकअप लावायला लाज वाटते, पण कोणी काही म्हणत नाही. काट्याचे तीन पाट असतात: पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. खिडकीतून हात काढून बटण दाबायचं, आवाज आला की "फर्स्ट वे" (पहिलं वजन) म्हणायचं आणि आत जाऊन चिठ्ठी घ्यायची. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज जीव्हीडब्ल्यूआरच्या आत हवी, आणि दोन्ही ॲक्सल आपापल्या मर्यादेत.

मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून, माणसं-सामान गाडीतच ठेवून एकटी गाडी पुन्हा काट्यावर चढवा. त्याच दिवशी, त्याच काट्यावर दुसरं वजन बऱ्याच कमी पैशांत होतं. पहिल्या चिठ्ठीतल्या पुढच्या-मागच्या चाकांच्या बेरजेतून ही बेरीज वजा केली की ट्रेलर पाठीवर किती बसला ते कळतं. भार वाटणारं हिच असेल तर पहिल्या वजनाच्या वेळी त्याचे दांडे सोडून ठेवा, नाहीतर थोडा भार ट्रेलरच्या चाकांकडे गेलेला असतो आणि उत्तर कमी येतं.